वेलींना पाणी न घालणारा

पिएत्रो,

तुला मराठी येत नव्हतं, म्हणून हे मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर माझ्या मुलानं, केदारनं, तुझ्या थडग्यापाशी उभं राहून ते तुला इटालियनमध्ये वाचून दाखवलं असतं, आणि मग मला काहीतरी नीटनेटकं, सभ्य लिहावं लागलं असतं. मराठी त्याला बोलता येतं, वाचता येत नाही. तेव्हा हे तुझ्यामाझ्यातच राहील. आणि अरे-तुरेच करतो. ज्याच्यावर इतकी वर्षं मनातल्या मनात जळलो त्याला अहो-जाहो कुठून करणार?

तर पहिल्यांदा ते सांगून टाकतो. मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. तू गेलास तरी तो कमी झालेला नाही, उलट तुझ्या अंत्यविधीला जे पाहिलं त्यानं वाढलाच. बाईला सवत आली तर निदान शेजारणी तरी तिची बाजू घेतात. बापाला सवत आली तर त्यानं कुणाकडे रडायचं? माझा एकुलता एक मुलगा. हॅरोत जन्मला, हॅरोत वाढला, रोज मेट्रोपॉलिटन लाइननं लंडनला जाऊन एका लॅबोरेटरीत चांगली नोकरी करत होता. एका सुट्टीत इटलीत, पिएमाँतेच्या टेकड्यांवर, तुझी द्राक्षं तोडायला म्हणून गेला आणि तुझाच होऊन बसला. जाताना शैलाला, माझ्या बायकोला, म्हणाला होता, "आई, just three weeks." त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. त्याच्या खोलीत शैला इस्त्रीचं टेबल ठेवते.

खरं दुखणं आणखी आत आहे. आमच्या घरात द्राक्षाची बाग होती रे. माझ्या काकांची, तासगावला. केदार शाळेत असताना एका डिसेंबरात मी त्याला मुद्दाम तिथं घेऊन गेलो होतो. काका मांडवाखाली उभे राहून त्याला घडातले मणी कसे विरळ करायचे ते दाखवत होते, आणि हा हातातल्या व्हिडिओ गेममधून मान वर काढेना. "Baba, there are flies. जाऊया ना." काकांनी मुकाट्यानं कात्री खिशात ठेवली. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. आणि तोच मुलगा तुझ्या उतारावर जानेवारीच्या गारठ्यात, बोटं फुटलेली, एकेका वेलीसमोर कीर्तनाला बसल्यासारखा तल्लीन होऊन उभा राहायचा आणि मग एक फांदी छाटायचा. बाग काय आमच्याकडे नव्हती?

पहिल्यांदा आम्ही दोघं तुझ्याकडे आलो ते भांडायच्या तयारीनं. म्हणजे मी. शैला तिळाचे लाडू घेऊन आली होती. तू करतोस ती बारोलो म्हणजे राजेरजवाड्यांची वाइन, एकेक बाटली जपून ठेवतात, असं इंटरनेटवर वाचलं होतं. वाटलं, कुणी बडा जमीनदार असेल, आमच्या पोराला भुलवलं असेल. समोर आला तो कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला, बुटका, रुंद, नखांत माती असलेला माणूस. हुबेहूब तासगावचे काका. तिथंच माझा निम्मा आवेश गळाला, आणि त्याबद्दलही मी तुझ्यावर चिडलो.

तू आम्हाला बाग दाखवायला नेलंस. मी इकडंतिकडं बघून केदारला विचारलं, "ठिबक कुठं आहे?" तुला कळेना. केदारनं समजावल्यावर तू म्हणालास, "पाणी? वेलीला पाणी कशाला?" मग बराच वेळ तू हात हलवून बोलत होतास आणि केदार भाषांतर करत होता. वरून पाणी मिळालं की मुळं आळशी होतात, वरच्या वर पडून राहतात, नळाकडे डोळे लावून. पाणी दिलं नाही की ती खाली जातात, चुनखडी फोडून जातात, आणि वाइनला चव येते ती त्या खालच्या अंधारातून. "लाडावलेली वेल पानंच पानं देते," असं तू म्हणालास, आणि मला वाटलं, हा माझ्याबद्दल बोलतोय. पियानोचा क्लास, ट्यूशन, शनिवारची मराठी शाळा, सतराव्या वर्षी गाडी. आम्ही केदारला कधी तहान लागू दिली नव्हती.

जेवताना मी सोडलं नाही. म्हटलं, आमच्या बागा पाण्यावर वाढतात, टँकर आणून जगवतात, आणि त्यांची द्राक्षं लंडनच्या सुपरमार्केटमध्ये येतात. तू "ती खायची द्राक्षं" असं म्हणालास, म्हणजे पोरखेळ. मी म्हटलं, आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात. तू काटा खाली ठेवलास.

"दोनदा? मग वेली झोपतात कधी?"

"झोपत नाहीत. तेवढी थंडीच नसते आमच्याकडे."

तू माझ्याकडे बोट रोखलंस. मग म्हणालास, "झोप नाही, वरून सतत पाणी, वर्षभर काम. दोत्तोरे, ही वेल नाही. हा तू आहेस."

सगळे हसले. केदार सगळ्यात जास्त. मीही हसलो, कारण खोटं नव्हतं. भूलतज्ज्ञ माणूस मी, इंग्लंडमधल्या इस्पितळात जन्मभर लोकांना झोपवलं आणि स्वतः जागा राहिलो. पण परतताना विमानात मला ते हसणं आठवत राहिलं. माझ्या विनोदावर केदार असा कधी हसला नव्हता. मी विनोद केला की तो "बाबा, please" म्हणतो.

त्याच संध्याकाळी तू ती बाटली उघडलीस. केदार जन्मला त्या वर्षाची. तुझ्याकडे ती होती, आमच्याकडे त्या वर्षातलं काय होतं? त्याचं बाळंतविड्याचं झबलं. पेल्यातला रंग पाहून मला वाटलं, पाणी घातलंय. कोकम सरबत विसळल्यासारखा फिका. पहिल्या घोटाला जीभ आखडली, हिरडा चघळल्यावर आखडते तशी. तू विचारलंस, वास कशाचा येतो? केदार घडाघडा म्हणाला, सुकलेला गुलाब, डांबर, चामडं. पढवलेल्या पोपटासारखा. मला त्याचा राग आला आणि मी पुन्हा वास घेतला. म्हटलं, निर्माल्य.

केदारला शब्द माहीत नव्हता. शैलानं सांगितलं: देवाला काल वाहिलेली फुलं. आज ती उतरवून बाजूला ठेवतात, कोमेजलेली असतात, पण टाकत नाहीत, कारण देवाची असतात. केदारनं ते तुला सांगितलं. तू पेला पुन्हा नाकाशी धरलास. मग हळूच म्हणालास, "देवाची कालची फुलं." आणि डोळे पुसलेस. मला इतकं बरं वाटलं की ते लपवायला मी पाव मागितला.

पुढं कळलं, तो शब्द तू घेऊनच टाकलास. पर्यटक आले की तू त्यांना म्हणायचास, वास घ्या, देवाची कालची फुलं. केदार कौतुकानं फोनवर सांगायचा. मी शैलाला म्हटलं, "मुलगा नेला, आता शब्दही नेला." ती म्हणाली, "अहो, शब्द नेला म्हणून कुणाचं काही कमी होतं का?" मुलगा नेल्यावर कमी होतं का, ते तिला विचारायचं मला धाडस झालं नाही.

तू हॅरोला आलास ती भेट तर विसरणं शक्य नाही. लंडनला कसलंसं वाइनचं प्रदर्शन होतं, तू आणि केदार आमच्याकडे उतरलात. रात्रीच्या जेवणाआधी तू सहज विचारलंस, मी दर नाताळला पाठवतो त्या बाटल्या कुठं ठेवल्यात? शैला अभिमानानं तुला वर घेऊन गेली. जिन्याच्या वरच्या टोकाला गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, इथं त्याला एअरिंग कबर्ड म्हणतात. इंग्रज लोक त्यात टॉवेल सुकवतात. हॅरोतल्या कुठल्याही मराठी घरात ते उघडलंत तर टॉवेलांमागं शालीत गुंडाळलेलं दह्याचं पातेलं सापडेल. तुझी वाइन त्या पातेल्याच्या शेजारी होती. काही वर्षांची सगळी वाइन, टाकीला टेकून, एका रांगेत उभी. शैलाचा हिशेब साधा होता: अंधार हवा, हलायला नको, आणि आंबवलेली गोष्ट आहे म्हणजे ऊब तर हवीच.

केदार ओरडला, "आई! You've cooked it! सगळी वाइन शिजवली तू! ओ गॉड, आई!" शैलाचा चेहरा उतरला. मी काय केलं? मी फोन काढून वाइन किती डिग्रीला ठेवतात ते शोधायला लागलो. बायको रडवेली झाली आणि मी तापमान वाचून दाखवत होतो.

तू एक बाटली उचललीस. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली गालाला लावून बघतात तशी गालाला लावलीस. मग पातेल्याकडे बोट दाखवून विचारलंस, हे काय? शैला म्हणाली, दही. इथं का? तर ते जिवंत असतं, त्याला गारठा सोसत नाही. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "सिन्योरा, म्हणजे तुम्ही माझ्या वाइनला घरातली सगळ्यात चांगली जागा दिलीत." ती बाटली तू खाली आणून उघडलीस. वाइन पार उतरली होती, तपकिरी झाली होती, मलासुद्धा कळत होतं. तू फोडणीच्या दहीभाताबरोबर पेलाभर प्यायलास, आणि म्हणालास, एका कडक उन्हाळ्यात माझ्या आजोबांनी अशीच केली होती, गावात कुणी त्यांना वर्षभर रामराम केला नव्हता. केदार हसायला लागला. शैला हसायला लागली. पदरानं डोळे पुसत तिनं तुला आणखी भात वाढला.

माझ्या घरात, माझ्याच मुलासमोर, माझ्या बायकोची बाजू तू सावरून घेतलीस. उपकारच केलेस. पण पिएत्रो, उपकार करणाऱ्यासारखा डोक्यात जाणारा माणूस नाही.

मग गेल्या वर्षी केदारचे फोन वाढले. आधी महिन्यातून एकदा, तेही आईला. आता दर रविवारी, आणि थेट मला. मी रविवारी सकाळी दाढी करून बसायला लागलो. शैला हसायची. तीन-चार फोन झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक फोन तुझ्याबद्दल आहे. पिएत्रोला धाप लागते, बाबा. पिएत्रोचा पाय सुजलंय. त्याला डॉक्टरांनी हे औषध दिलंय, बरोबर आहे का? माझा गुडघा बदलला तेव्हा पोरानं फुलांचा गुच्छ पाठवला होता, कुरियरनं. तुझ्या घोट्यांसाठी दर रविवारी फोन. तरी मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर दिलं. ते काम मला येतं.

वसंतात आम्ही आलो तेव्हा मी स्वतःच तुझे मोजे खाली करून पाहिले. बोट दाबलं तर खळगा पडत होता. म्हटलं, हृदय दमलंय, अंगात पाणी साठतंय, गोळ्या वेळेवर घे, मीठ कमी कर, उतारावर चढू नकोस. तू केदारकडे बघून डोळा मारलास. "बघ," म्हणालास, "मी इतकी वर्षं काय सांगतोय? पाणी वाईट." आणि त्या दुपारी चढलास. माणसाला आणि वेलीला वेगळे नियम असतात, ही साधी गोष्ट तुझ्या गळी उतरवायची होती. पुढच्या खेपेला, म्हटलं. मी मुद्देही तयार ठेवले होते.

सप्टेंबरात, तोडणी तोंडावर आलेली असताना, केदारला तू ओळीच्या टोकाला खांबाशी बसलेला सापडलास. तोंडात द्राक्षाच्या बिया होत्या. पिकल्या की नाही ते चावून बघत असणार. त्यानं आधी अँब्युलन्सला फोन केला आणि लगेच मला. हॅरोच्या किचनमध्ये उभा राहून मी त्याला सांगत होतो, हात सरळ ठेव, छाती जोरात दाब, थांबू नकोस. फोन मातीत पडलेला होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मोठमोठ्यानं मोजत होतो आणि तो दाबत होता. अँब्युलन्स येईपर्यंत मला फक्त तू उठायला हवा होतास. इतक्या वर्षांत तेवढाच वेळ मला तुझा हेवा वाटला नाही.

अंत्यविधीला आम्ही विमान पकडून आलो. चर्च गच्च भरलेलं. पहिल्या बाकावर तुझी मुलगी जूलिया, आणि तिच्या शेजारी केदार. तिनंच त्याला हात धरून बसवलं होतं. तुझी पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो पुढं होता, काळ्या कोटात, मान तुझ्यासारखी एका बाजूला कललेली. ही लकब तुझी, आमच्या घराण्यात कुणाला नाही. गावातले म्हातारे एकेक करून त्याच्याकडे येत होते, दोन्ही हातांत त्याचा हात धरून काहीतरी म्हणत होते. बाप गेलेल्या मुलाला म्हणतात ते. आणि त्याचा बाप शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबाआड, हॅरोहून आणलेल्या छत्रीसकट बसला होता. शैलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला माहीत होतं.

बाहेर पडताना काठी टेकत एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या तोंडाकडं, मग केदारकडं, मग परत माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "केदार? पापा?" मी मान हलवली. त्याचा चेहरा एकदम उजळला. तुटक्या इंग्रजीत म्हणाला, "कालची फुलं? ते तुम्ही?" आणि मागं वळून त्यानं हाक मारली. आणखी दोघं-तिघं आले. सगळ्यांना माहीत होतं. शब्द केदारच्या वडिलांचा आहे, ते मोठे डॉक्टर आहेत, त्यांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं तू सगळीकडे सांगत होतास म्हणे. दर वेळी. केदारनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, किंवा मीच "शब्द नेला" हे धरून बसल्यानं ऐकलं नसेल. म्हातारा माझा हात सोडेना. मला जळायला एक नवीन कारण मिळालं: असला मोठेपणा मला जमला नसता. मी कधी कुणाजवळ तुझं चांगलं बोललो नव्हतो.

आम्ही हॅरोला परतल्यावर केदारचा फोन आला.

"बाबा, आपल्यात काय करतात? कुणी गेला की. टेन्थ डेला काहीतरी असते ना? आजोबांच्या वेळी तुम्ही केला होता, पाणी देतात ते."

"तीळपाणी."

"हां, ते. मला करायचंय. पिएत्रोसाठी. तुम्ही शिकवा, व्हिडिओ कॉलवर."

आता हे तुला समजावून सांगायला हवं. आमच्यात गेलेल्या माणसाला दहाव्या दिवशी ओंजळीनं पाणी देतात, काळे तीळ घालून, दक्षिणेकडं तोंड करून. तहानलेला जाऊ नये म्हणून. पण ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं ते द्यायचं नसतं. त्याला तो अधिकार नाही. मी धार्मिक माणूस नव्हे. देव्हाऱ्यात दिवा शैला लावते. पण त्या क्षणी मला अख्खं शास्त्र आठवलं.

"तुला नाही देता येणार," मी म्हटलं.

"का?"

"कारण तुझा बाप अजून जिवंत आहे."

जेवढ्या जोरात म्हणायचं त्याहून जास्त जोरात म्हटलं गेलं. शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिएत्रो, तुला खरं सांगतो, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच तुझ्यावर मात केली होती, तीही नुसतं जिवंत राहून.

मग केदार म्हणाला, "हो, ते माहितीये. म्हणूनच तुम्हाला विचारते ना, बाबा." तो मराठी आईकडून शिकला. त्याला फार वाईट वाटत असलं की तो अजून आईसारखंच बोलतो, लहानपणी 'मी येते' म्हणायचा तसा. "मला चालत नाही, तर तुम्ही द्या ना. तुमचे बाबा नाहीयेत. You're allowed." मग तो म्हणाला, "आणि कसं करतात ते मला दाखवा तरी. तुमच्या वेळी I should know it, no?"

मी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

माझ्या वेळी. हा प्रश्न मी शैलाजवळसुद्धा कधी काढला नव्हता. मनाशी धरून चाललो होतो की इलेक्ट्रिकचं बटण दाबतील, केदार दोन दिवस रजा काढून येईल आणि तोडणीला परत जाईल. तो विचारेल, शिकून घेईल, असं वाटलं नव्हतं. तू मेलास म्हणून त्याला ते सुचलं. म्हणजे त्यातही तूच.

"देणार ना?" शैलानं विचारलं.

"त्याला अख्खं गाव आहे की पाणी द्यायला."

"गावाला तीळपाणी कुठं ठाऊक?" ती म्हणाली. "अहो, दह्याशेजारची वाइन प्यायला तो. तुम्ही एवढं करा."

तर काल दहावा होता. सकाळी आंघोळ करून मी मागच्या बागेत गेलो. वडिलांचं तांब्याचं ताम्हन काढलं, पळी काढली. काळे तीळ शैलाच्या डब्यातले. दर्भ नव्हता, लॉनच्या कडेचं लांब वाढलेलं गवत घेऊन त्याची अंगठी केली. दक्षिणेला शेजाऱ्याचं कुंपण येतं आणि त्यांचे कौन्सिलचे कचऱ्याचे हिरवे-निळे डबे. तिकडं तोंड करून बसलो. शैलानं फोन सफरचंदाच्या झाडाला टेकवून ठेवला. फोनमध्ये केदार, तळघरात, तुझ्या पिंपांसमोर, अंगठ्याशेजारचं बोट कसं वळवायचं ते माझं बघून करत होता, रिकाम्या हातानं.

आमच्यात नुसतं नाव घेऊन भागत नाही. गोत्र सांगावं लागतं, माणूस कुणाच्या वंशातला ते. "पिएत्रो" म्हणालो आणि अडलो. तुझं कुठलं गोत्र? तुझे पूर्वज त्या टेकडीवर कुणाचे कोण होते, देव जाणे. आणि मग मला माझ्या वडिलांचं आठवलं. बेवारस माणसालाही ते पाणी देत, आणि म्हणत, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप लावायचं, कुणी गोत्राविना तहानलेलं राहायला नको.

काश्यप. पिएत्रो, आमचंही काश्यपच आहे.

मी ताम्हन हातात घेऊन तसाच बसून राहिलो. "बाबा? काय झालं? Frozen झालात का?" केदार फोनमधून विचारत होता. त्याला काय सांगू? इतकी वर्षं ज्याला सवत म्हणून शिव्या घातल्या तो आमच्याच गोत्रातला निघाला. म्हणजे जे माझ्या पोटात जळतं तो परक्याचा हेवा नव्हेच. त्याला आमच्याकडे भाऊबंदकी म्हणतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, मेल्यानं संपत नाही.

मी तुझं नाव घेतलं, काश्यप म्हटलं, आणि ओंजळ सोडली. पाणी तिळांसकट हॅरोच्या मातीत गेलं. पुन्हा भरून पुन्हा सोडली. हात थांबेना. शैला म्हणाली, "अहो, पुरे." पण मी देत राहिलो. ज्यानं आयुष्यभर वेलीला पाण्याचा थेंब दाखवला नाही, त्याला.

पाणी घातलं की मुळं वर येतात, असं तू म्हणायचास. घातलंय. आता ये वर. आपलं भांडण राहिलंय.